नणंदेच्या तालावर

नणंदेच्या तालावर नाचायची वेळ पुष्कळ जणींवर येते. वहिनी मात्र खरोखरच नाचल्या, तेही आठ वर्षं, दर शनिवारी, बटणांच्या कारखान्याच्या जेवणघरात.

लग्न होऊन आल्या तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. नवरा जहाजावर कामाला. वर्षातले दहा महिने पाण्यावर आणि दोन महिने घरी, तेही अर्धे झोपेत. त्यामुळे वहिनींचा संसार झाला तो खरं तर नवऱ्याच्या बहिणीशी. वन्सं त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठ्या, चांगल्या वीतभर उंच आणि बिनलग्नाच्या. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "माझ्याशी बोलायला येणाऱ्या प्रत्येकाचं टक्कल मला आधी दिसायचं. मग पुढचं बोलणं सुचायचं नाही."

दोघी एकाच कारखान्यात. वन्सं निवडणीच्या टेबलावर. टेबलावर बटणांचा ढीग ओतला की पांढऱ्यातलं पिवळसर बटण त्यांच्या बोटांच्या आधी डोळ्यांनी उचललेलं असायचं. वहिनी पलीकडच्या खोलीत ती बटणं डझनाडझनानं पुठ्ठ्यावर शिवायच्या.

शनिवारी अर्धा दिवस काम. दुपारी जेवणघरातली टेबलं भिंतीला लावायची, कोठारातला कारकून अकॉर्डियन काढायचा आणि नाच सुरू व्हायचा. जोडीजोडीनं हॉलभर गोल फिरायचं, चार पावलांनी वळायचं आणि वळताना एक लहानशी उडी. जोडीतला एक पुढं तोंड करून चालणार, दुसरा पाठीमागं पावलं टाकत जाणार. पुरुषानं न्यायचं आणि बाईनं जायचं असा रिवाज. पण गावातले निम्मे पुरुष जहाजावर आणि उरलेले धरणाच्या कामावर. कारखान्यात पाच बायकांमागे एक पुरुष, आणि त्यातला एक मुकादम, त्याला कुणी पुरुषांत धरत नव्हतं. तेव्हा बायकाच बायकांबरोबर नाचायच्या. वन्सं उंच, म्हणून त्या न्यायच्या. वहिनी मागं मागं जायच्या.

सासूबाईंना हे मुळीच पसंत नव्हतं. त्यांच्या तरुणपणी नाच म्हणजे दोन रांगा, इकडे बायका, तिकडे पुरुष, मधे रुमाल. रुमालाचं एक टोक तिनं धरायचं, दुसरं त्यानं, आणि बोटाला बोट लागता कामा नये. "काय हे घाण्याच्या बैलासारखं गोल गोल!" त्या म्हणायच्या. पण त्यांच्याही आईला तो रुमाल निर्लज्जपणाचा वाटला होता, हे त्याच एकदा बोलता बोलता सांगून बसल्या, आणि मग जेवण होईपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत.

आठ वर्षांनी कारकून निवृत्त झाला. अकॉर्डियन गेला आणि रेकॉर्डी आल्या. त्याबरोबर नाचही नवा आला. त्यात कुणी कुणाला धरायचं नव्हतं. जो तो आपल्या जागी उभा राहून गुडघे हलवायचा, कोपरं हलवायचा, मान झटकायचा. पहिल्या शनिवारी गाणं सुरू झालं आणि ह्या दोघी सवयीनं एकमेकींना धरून हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या. आजूबाजूला सगळे एकेकटे उसळताहेत, फिरायला जागाच नाही. पुठ्ठ्यांच्या खोलीतली एक पोरगी ओरडली, "अहो, सोडा की आता एकमेकींना!"

सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं. पण वन्संनी हात सोडला.

वहिनींनी दोन मिनिटं तसं नाचून पाहिलं. पुढून कुणी रेटत नाही, पाठीवर कुणाचा हात नाही. मेळ्यात हरवलेल्या पोरासारखं वाटलं त्यांना. त्यांनी वळून पाहिलं तर वन्सं भिंतीपाशी जाऊन बसल्या होत्या. "पाय दुखतात," म्हणाल्या. त्या पुढल्या शनिवारीही दुखले, त्याच्या पुढल्याही. मग दोघींनी जाणंच सोडलं.

त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं गेली. वहिनींना मुलगा झाला, वाढला, दूर कामाला गेला. नवरा एकदाचा कायमचा घरी आला आणि दोन वर्षांत वारला. कारखाना बंद पडला. दोघी लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत राहत होत्या, तिथंच राहिल्या. खालच्या वाफेनं त्यांची फरशी बारा महिने कोमट असायची.

वन्संचे डोळे काचबिंदूनं गेले. गेली सहा वर्षं त्यांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. घरात त्यांचं काही अडत नसे. पलंगापासून दार पाच पावलं, दारापासून बेसिन तीन, सगळं मोजलेलं. पण जिना उतरायच्या त्या फक्त डॉक्टरकडे जायला. वहिनी म्हणायच्या, "चला, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ, मी धरते." त्या दंड सोडवून घ्यायच्या. "मला गाठोडं करू नकोस." ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्याला नेलं, तिला कुणी न्यावं हे काही तिच्या गळी उतरत नव्हतं.

वहिनींची नात त्याच गावात नाच शिकवायची. जुना कारखाना आता भिंती घालून भाड्यानं दिला होता आणि जेवणघराच्या जागी तिचा वर्ग भरत होता. एका भिंतीला आरसा. मुलं-मुली आरशात बघत नाचायची, हातांवर उभी राहायची, पाठीवर गरागरा फिरायची. एका रविवारी ती आली तीच घाईत.

"आजी, वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमात मी चार पिढ्यांचे नाच बसवतेय. रुमालाचा नाच मला सापडला, रेकॉर्डीवरचा सापडला, आमचा तर आहेच. पण तुमचा तो गोल फिरायचा, वळताना उडीचा, तो कुठंच नाही. कुणी चित्रीकरणच केलेलं नाही. दाखव ना."

"मी? शहाऐंशी... नाही, शहात्तर वर्षांची मी!" वहिनी गडबडल्या. पण उठल्या. डावा हात हवेत एका न दिसणाऱ्या खांद्यावर ठेवला, उजवा दुसऱ्या न दिसणाऱ्या हातात दिला आणि मागं मागं निघाल्या. एक, दोन, तीन, चार, वळण, उडी. पाठीमागं न बघता त्या इतक्या सहज गेल्या की नात फोन धरून नुसती बघतच राहिली.

"आणि आता दुसरी बाजू, आजी. पुढं चालणाऱ्याची."

"ती मला येत नाही. मला फक्त उलटं येतं. दुसरी बाजू वन्संकडे."

नात पलंगाकडे वळली. "आत्याआजी?"

"मी विसरले सगळं," वन्सं म्हणाल्या. मग थोड्या वेळानं न राहवून, "आणि उडी चौथ्यावर नाही. तिसरं पाऊल संपताना. हिची घाई पहिल्यापासूनची."

एवढं बोलल्यावर त्यांना माघार घेता येईना. नातीनं खुर्च्या बाजूला केल्या. वन्संनी वहिनींच्या पाठीवर हात ठेवला, वहिनींनी त्यांच्या खांद्यावर, आणि दोघी निघाल्या. पहिली चार पावलं झकास. दुसऱ्या वळणाला वहिनींचं कोपर टेबलाच्या कोपऱ्यावर असं काही आदळलं की त्या कळवळून "आई गं!" म्हणाल्या.

वन्संनी हात काढून घेतला.

"काही नाही झालं. टेबल हलवू," वहिनी म्हणाल्या. आणि हसवावं म्हणून, "नाचता येईना, अंगण वाकडं, दुसरं काय!"

"टेबल वाकडं नाही. मी वाकडी आहे." वन्सं चाचपडत पलंगावर गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. नात बिचारी हळूच निघून गेली. दिवे लागल्यावर वन्सं एकच वाक्य बोलल्या.

"आठ वर्षांत तुला एकदा तरी कुठं आपटू दिलं होतं का मी?"

वहिनी कोपराला फडकं बांधत होत्या. त्यांचा हात थांबला. खरंच नव्हतं दिलं. त्या आठवू लागल्या. जेवणघरात लोखंडी खांब होते, पण किती, ते त्यांना सांगता येईना. भिंतीला टेबलं होती, टेबलांवर चढवलेल्या खुर्च्यांचे पाय बाहेर आलेले असायचे. आणि तो मुकादम असायचा, गर्दीत ज्याचा हात भलतीकडे जायचा. आपल्या पाठीमागं हे सगळं होतं आणि आपण आठ वर्षांत एकदाही मान वळवून पाहिलं नाही, ही गोष्ट त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

मंगळवारी वहिनी साबण आणायला म्हणून बाहेर पडल्या आणि थेट नातीच्या हॉलवर गेल्या. वर्ग सुरू व्हायला तासभर होता. त्यांनी आधी खांब मोजले. सहा.

"मला पुढं चालायला शिकव," त्या म्हणाल्या.

"अगं, पण ते मलाच कुठं येतंय?"

"तू माझी बाजू शिक. ती तुझ्या फोनमध्ये आहे. मी वन्संची शिकते. बघू काय होतं ते."

झालं ते असं की पहिल्या दिवशी आजी आणि नात दोघीही मागं मागं गेल्या आणि एकमेकींपासून लांब दोन भिंतींना जाऊन टेकल्या. हसून हसून पुरेवाट झाली. वहिनींचे पाय ऐकतच नव्हते. पुढं टाकायचं पाऊल घाबरून मागं पडायचं. दुसऱ्या मंगळवारी चार पावलं जमली. तिसऱ्या मंगळवारी नात म्हणाली, "आजी, तू ठरवतेस उशिरा. कुठं जायचं ते मला आधी कळलं पाहिजे. तुझ्या हातातून."

तेव्हा वहिनींना त्या कामाचा अंदाज आला. नजर दोन वळणं पुढं हवी. समोरच्या जोडीचा बेत आपल्याला आधी कळायला हवा. वळण यायच्या आधी हातानं सांगायचं, पण ढकलायचं नाही. आणि आपण गोंधळलो असलो तरी तो गोंधळ हातात उतरू द्यायचा नाही. घरी आल्यावर त्या अंगदुखीनं आडव्या व्हायच्या. वन्सं हे सगळं करून वर गाणंही गुणगुणायच्या.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी वहिनी बेसिनपाशी कपबशा विसळत होत्या. मागून वन्संचा आवाज आला.

"टाच आधी पडतेय."

"काय?"

"गेले पंधरा दिवस भांडी घासताना तू पावलं टाकतेस. आणि टाच आधी पडते. तुझी नाचात कधीच टाच आधी पडली नाही, चवडा पडायचा. पुढं चालायला शिकतेयस."

वहिनींनी नळ बंद केला. "हो."

"कुणाबरोबर?"

"नातीबरोबर."

वहिनींना वाटलं, आता पुन्हा भिंतीकडे तोंड होणार. पण वन्सं म्हणाल्या, "ती तुझ्याएवढीच आहे. तिच्याबरोबर जमलं म्हणजे माझ्याबरोबर जमेल असं काही नाही. उंच माणसाला वळवायला हात वर धरावा लागतो."

वहिनींनी ओले हात पुसले देखील नाहीत. टेबल दारापर्यंत ओढलं, खुर्च्या आतल्या खोलीत टाकल्या, आणि नणंदेच्या पाठीवर हात ठेवला. एवढी वर्षं शेजारी शेजारी राहून त्या पाठीची हाडं इतकी वर आलेली त्यांना ठाऊक नव्हती.

"निघू?"

"नीघ."

दोन पावलं गेल्या नाहीत तोच खेचाखेची सुरू झाली.

"वन्सं, ओढू नका."

"मी कुठं ओढतेय? तू जातच नाहीस."

"मी जाईन तेव्हा जाईन ना."

"तोवर गाणं संपेल! मागं काय आहे?"

"काही नाही."

"नक्की? पलंग?"

"पलंग लांब आहे."

"किती लांब?"

वहिनी थांबल्या. "वन्सं, आठ वर्षांत मी कधी तुम्हाला विचारलं, मागं काय आहे म्हणून?"

वन्संचा हात वहिनींच्या खांद्यावर होता, त्याची पकड जरा सैल झाली. "नाही विचारलंस," त्या म्हणाल्या. "भीती नाही वाटायची तुला?"

"नाही. तुम्ही होतात ना."

"मला वाटायची. दर शनिवारी."

"तुम्हाला? कसली?"

"तू आपटशील याची," वन्सं म्हणाल्या. "दादा जहाजावर. त्यानं जाताना सांगितलेलं, हिला सांभाळ. आणि तू अशी डोळे मिटून, हसत, मागं मागं. घरी आल्यावर माझे तळहात घामानं ओले असायचे. तुला वाटायचं, मी मजा करतेय."

"मग नाचायचात कशाला?"

"मजाही यायची."

वहिनींना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. ते वन्संना दिसणार नव्हतं, पण आवाजात येईल म्हणून त्या बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त हात जरा वर धरला आणि पाऊल टाकलं. ह्या वेळी वन्सं न ओढता बरोबर आल्या. एक, दोन, तीन, उडी. अर्ध्या खोलीचा फेरा होता तो, पलंगापासून बेसिनपर्यंत, आणि परत. खालच्या लाँड्रीवाल्यानं वर मान करून विचारलं, "काही पडलं का हो?" तेव्हा वन्सं खिडकीकडे तोंड करून ओरडल्या, "अजून नाही!"

पुढच्या मंगळवारी त्या जिना उतरल्या. अठरा पायऱ्या. वहिनींनी दंड धरला नाही, हात पुढं केला, नाचात धरतात तसा. वन्संनी तो घेतला.

हॉलच्या दारात वन्सं थांबल्या, टाळी वाजवली आणि आवाज कसा घुमतो ते ऐकलं. "इकडं एक भिंत वाढवलीय," म्हणाल्या. मग एका खांबाशी जाऊन त्यावरून हात फिरवला. "किती रंग चढवलाय ह्याला. जाडा झालाय." नातीची मुलं-मुली आरशापासून बाजूला होऊन उभी होती. कुणी हसलं नाही. एकीनं विचारलं, "गाणं कुठलं लावू?" तर वन्सं म्हणाल्या, "आहे माझ्याकडे," आणि अकॉर्डियनची ती चाल तोंडानं म्हणू लागल्या, त्यातल्या भात्याच्या सुस्काऱ्यासकट.

वहिनींनी त्यांना सहा खांबांमधून नेलं. तीन फेरे. दुसऱ्या फेऱ्यात एक पाऊल चुकलं, दोघी अडखळल्या, "माझं चुकलं," असं दोघी एकदमच म्हणाल्या आणि तशाच पुढं गेल्या. वन्संनी एकदाही विचारलं नाही, मागं काय आहे. नातीनं सगळं फोनमध्ये घेतलं.

मग शिकवणी सुरू झाली. पाठीवर गरागरा फिरणाऱ्या त्या पोरांना एकमेकांचा हात धरताना मात्र घाम फुटत होता. आरशाकडे बघायची सवय. समोर माणूस आलं की नजर कुठं ठेवावी कळेना. वन्सं खुर्चीत बसून नुसत्या पावलांच्या आवाजावरून चुका काढायच्या. "खिडकीजवळची जोडी, भांडण झालंय का? दोघंही नेताहेत." आणि खरोखरच दोघंही नेत असायचे.

कार्यक्रमात दोघी पहिल्या रांगेत बसल्या. स्वतः नाचायला वन्संनी साफ नकार दिला होता. "शिकवलं ते पुरे." रुमालाचा नाच झाला, आणि मग तो गोल फिरायचा, मुलीमुलींच्या जोड्यांचा. पहिला फेरा ठीक गेला. दुसऱ्या फेऱ्याच्या वळणावर वन्सं पुढं झुकल्या.

"हे काय? पावलं बदलली. नेणारी मागं गेली. चुकल्या सगळ्या एकदम?"

"चुकल्या नाहीत," वहिनी कुजबुजल्या. त्या टक लावून बघत होत्या. "त्यांनी उडीत अदलाबदल केली. जी नेत होती ती आता जातेय, जी जात होती ती नेतेय. मुद्दाम."

"कुणी सांगितलं असं करायला?"

"आपल्या नातीनं बसवलं असणार. आपल्याला बघून."

वन्सं ऐकत राहिल्या. वीस-बावीस पावलं एकदम वळली, उडी झाली, पुन्हा बाजू बदलली. ज्या नाचात जन्मभर एकीनं न्यायचं आणि एकीनं जायचं, त्यात आता प्रत्येकीला दोन्ही करावं लागत होतं. मूळ नाचात असं काही नव्हतं, हे बघणाऱ्यांत फक्त ह्या दोघींना माहीत होतं.

"कसं दिसतंय?" वन्संनी विचारलं.

"छान दिसतंय."

"नीट सांग. छान म्हणजे काय?"

मग वहिनी त्यांच्या कानाशी लागून सांगू लागल्या, कोण कुठून वळतं, कुणाचा हात वर आहे, कुठली उंच मुलगी आता मागं मागं येतेय आणि तिचे डोळे मिटलेले आहेत. सांगता सांगता रेकॉर्डीवरचा नाच संपून शेवटचा सुरू झाला, आरशासमोरचा, धडाधड गाण्याचा, तरी वन्संनी त्यांना थांबवलं नाही. "आता हे काय करताहेत?" त्या विचारत राहिल्या, आणि वहिनी सांगत राहिल्या, शेवटच्या टाळीपर्यंत.